जटलंडहून पोलंडला पिल्ले नेणारी गाडी : तीन वर्षांच्या वापरानंतर

डेन्मार्कच्या पश्चिम जटलंडमधील ज्या फार्मवर मी काम करते, तेथे सुमारे १,००० डुकरिणी आहेत आणि दर मंगळवारी पहाटे तेथून ३० किलोच्या आसपास वजनाची सहाशेहून अधिक पिल्ले एका वाहतूकदाराच्या गाडीतून पोलंडमध्ये, पोझनानच्या थोड्या पुढे असलेल्या एका शेडवर जातात. गेली तीन वर्षे आम्ही हीच सेवा घेत आहोत. या हिवाळ्यात करार संपत आला तेव्हा ती पुढे चालू ठेवावी का, असे मालकांनी मला विचारले. त्यासाठी जुन्या नोंदी काढून बसल्यावर वाटले, की जिवंत जनावरांच्या वाहतुकीची सेवा कशी पारखावी हे मराठीतही कोणीतरी लिहून ठेवायला हवे. परळला पशुवैद्यकीचा अभ्यास करताना रोग, आहार आणि प्रजनन हे सारे मी शिकले. पण जनावर एका देशातून दुसऱ्या देशात जाते त्या पंधरा तासांत त्याचे काय होते, हे येथे आल्यावरच पाहिले. वाहतूकदाराचे नाव मी येथे देत नाही. पुढे ज्या चुकीविषयी लिहिणार आहे तिची भरपाई त्यांनी केली आहे, आणि माझे म्हणणे त्या एका कंपनीपुरते नाही.

हा व्यापार मुळात का चालतो, हे आधी थोडक्यात सांगते. डेन्मार्कमधून दरवर्षी एक कोटीहून अधिक पिल्ले जिवंत बाहेर जातात. पूर्वी जर्मनी हा त्यांचा सर्वांत मोठा ग्राहक होता, आता पोलंड आहे. लँडरेस आणि यॉर्कशायर या जातींच्या संकरातून आलेली येथील डुकरीण ड्युरॉक जातीच्या नरापासून वर्षाला तीसहून अधिक पिल्ले दूध तुटेपर्यंत जगवते. मात्र ती पिल्ले ११०-११५ किलोपर्यंत येथेच वाढवायची, तर मजुरी महाग पडते, त्यांचे खत जिरवायला पुरेशी जमीन आहे याचा हिशेब द्यावा लागतो आणि नव्या शेडची परवानगी सहज मिळत नाही. पोलंडमध्ये धान्य आणि मजुरी तुलनेने स्वस्त आहे, शेड उभ्या आहेत, परंतु तेथील डुकरिणींची संख्या गेल्या दोन दशकांत फार घटली. म्हणून जन्म एका देशात आणि वाढ दुसऱ्या देशात, अशी वाटणी होऊन बसली आहे. आपल्याकडे हॅचरीतून कोंबडीची एक दिवसाची पिल्ले करारावरच्या शेतकऱ्याकडे जातात, तशीच ही रीत. पण कोंबडीच्या पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो आणि त्यावर ते प्रवास निभावते. डुकराच्या पिल्लाजवळ अशी शिदोरी नसते. त्याला तहान लागते, ते घाबरते आणि अनोळखी पिल्लू शेजारी आले की भांडते.

गाडीविषयी माझी काहीही तक्रार नाही, म्हणून तो भाग लवकर संपवते. ट्रेलर चार मजल्यांचा आहे, मजले हायड्रॉलिकवर वरखाली होतात, छप्पर फिक्या रंगाचे आणि उष्णतारोधक आहे. युरोपीय संघाच्या २००५ च्या पहिल्या क्रमांकाच्या नियमावलीनुसार आठ तासांहून लांबच्या प्रवासासाठी जे जे लागते, म्हणजे पंखे, प्रत्येक कप्प्यात पाणी, तापमानाची आपोआप होणारी नोंद, चालकाच्या केबिनमध्ये वाजणारी सूचना आणि उपग्रहावरून मार्ग टिपणारी यंत्रणा, ते सारे तिच्यात आहे. आतले तापमान ५ ते ३० अंशांच्या दरम्यान ठेवायचे आणि बाहेरच्या हवेनुसार ५ अंशांची सूट, असा नियम आहे. इंजिन बंद असले तरी पंखे किमान चार तास चालले पाहिजेत, असाही आहे. मजल्यांची आतली उंची किती असावी यावरून येथील उत्पादक आणि सरकार यांच्यातला वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला होता आणि २०११ मध्ये त्यावर निकाल आला. इतक्या बारकाईने घासून निघालेल्या नियमांतून तयार झालेली गाडी चांगली असणारच. निवड करताना लोक बहुतेक वेळा गाडीच पाहतात, आणि मीही पहिल्या वर्षी तेच केले.

खरी पारख चढवण्याच्या वेळी सुरू होते. आमच्या शेडच्या टोकाला पिल्ले बाहेर देण्याची एक वेगळी खोली आहे. तिच्या मध्यावर जमिनीवर लाल पट्टा आहे. आम्ही त्या पट्ट्याच्या पलीकडे पाऊल टाकायचे नाही, चालकाने अलीकडे यायचे नाही, आणि एकदा पलीकडे गेलेले पिल्लू कोणत्याही कारणाने परत आत घ्यायचे नाही. येथील कळपांचे आरोग्य विशिष्ट रोगांपासून मुक्त असण्यावर मोजले जाते, आणि तो दर्जा एका बुटाने आणलेल्या चिखलानेही जाऊ शकतो. या बाबतीत या कंपनीचे चालक निष्ठेने वागतात. एकदा जानेवारीच्या पावसात चालकाची टोपी उडून आमच्या बाजूला पडली, तर त्याने ती मागितलीही नाही. उघड्या डोक्याने सगळा माल भरला आणि तसाच निघून गेला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि आमच्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येक कामगाराला मी ते सांगते.

चढवताना त्यांच्याकडे विजेची काठी नसते. हातात फक्त प्लास्टिकची फळी आणि तोंडाने हलका आवाज. पिल्ले दहा-बाराच्या टोळीने नेली तर एकमेकांच्या मागे सरळ चढतात. वीस-पंचविसांचा लोंढा केला की पुढची उलटी फिरतात आणि अर्धा तास वाया जातो. रॅम्पवर प्रकाश आतून यावा लागतो, कारण डुक्कर अंधारात पाय ठेवायला तयार नसते. ट्रेलरच्या आतला दिवा लावून बाहेरचा मालवण्याची साधी गोष्ट या चालकांना शिकवावी लागली नाही. आमच्या शेडमधल्या एका कोंडीतली पिल्ले शक्यतो एकाच कप्प्यात एकत्र ठेवली जातात, त्यामुळे वाटेत चावाचावी कमी होते. पलीकडून येणाऱ्या नोंदींत कान आणि शेपटीच्या जखमा पहिल्या वर्षापेक्षा ठळकपणे घटल्या, त्याचे श्रेय मी याच सवयीला देते.

आता पाण्याविषयी. नियमानुसार पिल्लांना २४ तासांपर्यंत प्रवास करता येतो, पण सतत पाणी उपलब्ध असेल तरच. आमची गाडी हा नियम पाळते, टाकी भरलेली असते आणि प्रत्येक कप्प्यात निपल, म्हणजे चावले की पाणी सुटणारी तोटी, असते. तरीही पहिले दीड वर्ष पोझनानहून एकच निरोप येत राहिला, की पिल्ले उतरताच पाण्यावर तुटून पडतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या काहींना हगवण लागते. मी एकदा भरणी संपल्यावर बाजूच्या झडपेतून तासभर आत पाहत उभी राहिले. पिल्ले पितळी निपलला नाक लावत होती, चाटत होती, एखाददुसरे ते चावून पाणी सुटताच दचकून मागे सरत होते. कारण अगदी साधे होते : आमच्या शेडमध्ये पिल्लांना खाली बसवलेल्या वाटीतून प्यायची सवय आहे, दूध तुटल्यापासून त्यांनी निपल पाहिलेलेच नाही. म्हणजे कागदावर पाणी होते, पिल्लांच्या पोटात मात्र ते जात नव्हते. तीन वर्षांत वाहतूकदाराने आम्हाला वजन, संख्या, कानातला बिल्ला, रॅम्पची उंची हे सारे विचारले. तुमची पिल्ले पाणी कशातून पितात, हे कधीच विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही, हे मान्य करायला हवे. त्यानंतर आम्ही निघण्याआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांसाठी शेवटच्या शेडमध्ये वाट्यांच्या जोडीला निपले बसवली आणि तो निरोप येणे जवळजवळ थांबले. जनावरे बाहेर पाठवणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट पहिल्या दिवशी तपासावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ज्या घटनेमुळे ही सेवा बंद करावी असे मला एकदा वाटले, ती दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमधली आहे. उन्हाळ्यात आम्ही मंगळवारी पहाटेऐवजी सोमवारी संध्याकाळी सात वाजता भरणी करतो, म्हणजे रात्र प्रवासात जाते आणि ऊन चढायच्या आत, सकाळी दहाच्या सुमारास गाडी पोचते. त्या रात्री हॅम्बुर्गजवळ रस्त्याच्या कामामुळे दोन तास गेले. गाडी बाराला पोचली, तेव्हा रॅम्पवर दुसऱ्या फार्मची गाडी लागलेली होती. आमची गाडी तिच्या मागे, शेडच्या भिंतीला खेटून, सिमेंटच्या अंगणात उभी करण्यात आली आणि २ तास ४० मिनिटे तशीच राहिली. पंखे चालू होते, पण भिंतीमुळे गाडीतून निघालेली गरम हवाच परत आत ओढली जात होती. केबिनमधली सूचना वाजली तेव्हा एक चालक कार्यालयात कागद देत होता आणि दुसरा झोपलेला होता. वरच्या मजल्यावर नोंद ३६ अंशांपर्यंत गेली. ११ पिल्ले मेली आणि आणखी काही पुढच्या दोन दिवसांत.

कंपनीने आलेख, मार्गाची नोंद आणि प्रवासाची वही असे सारे न मागता पाठवले, पैसे दिले आणि चालकांना पुन्हा प्रशिक्षण दिले. यात काही लपवले गेले नाही, हे मी आवर्जून नोंदवते. तरीही वहीत पाहता चढवण्या-उतरवण्यासकट सगळा प्रवास २० तासांच्या आत झालेला होता, म्हणजे वेळेच्या कायद्यात काहीही चुकले नव्हते. गाडी चालत असताना पिल्ले आडवी होतात, बाजूच्या झडपांतून वारा वाहतो आणि तापमान स्थिर राहते. गाडी थांबली की ती उठतात, एकमेकांवर चढतात, उष्णता वाढते आणि वारा नसतो. पंधरा तासांच्या धावण्याने जे झाले नाही ते पावणेतीन तासांच्या उभे राहण्याने झाले. करारात मात्र धावण्याच्या प्रत्येक किलोमीटरचा हिशेब होता आणि उभे राहण्याविषयी एक ओळही नव्हती.

त्यानंतर मी स्वतः एकदा गाडीबरोबर गेले. दोन चालक असल्यामुळे साडेचार तासांनंतरची सक्तीची विश्रांती गाडी न थांबवता आळीपाळीने घेता येते. एकच चालक असता तर हा प्रवास एका दमात होऊच शकला नसता, म्हणून दर ठरवताना दुसऱ्या चालकाच्या पैशांवर घासाघीस करू नये, असे माझे मत झाले आहे. फ्लेन्सबुर्ग, हॅम्बुर्ग, बर्लिनचा वळसा, मग ओडर नदी ओलांडून पोलंड, असा साधारण ९०० किलोमीटरांहून अधिक पल्ला. गाडी वळणावर हळू घेणे, ब्रेक आधीपासून दाबत आणणे, यांत चालकाचे कसब दिसते, कारण डुकरांना गाडी लागते आणि ती ओकतात. म्हणूनच निघण्याआधी काही तास त्यांचे खाणे थांबवलेले असते. पहाटे बर्लिनच्या अलीकडे आम्ही दहा मिनिटे थांबलो, तेव्हा दोघांतल्या वयाने मोठ्या चालकाने विजेरी घेऊन चारही मजल्यांच्या झडपांतून आत पाहिले आणि तिसऱ्या मजल्यावर एक पिल्लू पाय अडकून बसले होते ते सोडवले. वहीत त्याने ते लिहिलेही. अशा माणसाच्या हाती आपला माल आहे, याचे मला समाधान वाटले.

इतके होऊनही करार चालू ठेवावा असे मत मी दिले, ते गाडीच्या परतीच्या प्रवासामुळे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग २००७ मध्ये जॉर्जियात शिरला, २०१४ मध्ये पोलंडमध्ये पोचला, २०१८ मध्ये चीनमध्ये आणि सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीच्या ब्रांडेनबुर्गमधल्या रानडुकरांत सापडला. आमची गाडी याच ब्रांडेनबुर्गमधून जाते आणि याच पोलंडमधून रिकामी परत येते. माणसाला या विषाणूचा त्रास नाही, पण डुकरांत तो शिरला की कळप वाचत नाही, आणि ज्या देशाचे बहुतेक डुकराचे मांस बाहेर विकले जाते त्याच्या बाजारपेठा एका दिवसात बंद होतात. जर्मनीत तो सापडताच चीनने तेथील डुकराचे मांस घेणे थांबवले, हे सर्वांनी पाहिले. डेन्मार्कने २०१९ मध्ये जर्मनीच्या सीमेवर रानडुकरांसाठी ७० किलोमीटर लांबीचे कुंपण घातले. परंतु कुंपणातून रस्ता जातो, आणि रस्त्यावरून गाड्या परत येतात. म्हणून जनावरे नेणारी प्रत्येक गाडी सीमेवर, पाडबोर्गसारख्या ठिकाणी, धुतली आणि निर्जंतुक केली जाते, आणि ती कोणत्या भागातून आली आहे त्यानुसार तिला ठरावीक काळ वेगळे ठेवून मगच दुसऱ्या फार्मवर जाऊ देतात.

हे धुणे मी जवळून पाहिले आहे. गाडी आधी बाहेरच मोकळी खरवडून आणलेली असावी लागते. भुसा किंवा शेणाचा एक गोळा दिसला तरी रांगेतून परत पाठवतात. मग वरच्या मजल्यापासून खाली साबणाचा फेस, थांबणे, दाबाचे पाणी, पुन्हा पाहणी आणि शेवटी जंतुनाशक. चालकाने केबिनमधले पायपुसणे, गमबूट, फावडे, पिल्ले हाकायची फळी, सारे बाहेर काढून धुवायचे. आमच्या चालकाने बिजागऱ्यांच्या खाचेत बोट घालून पाहिले, बोटाला काळे लागले, तेव्हा तपासणाऱ्याने गाडी पास केलेली असूनही त्याने तो कोपरा पुन्हा धुतला. तीन वर्षांत दर आठवड्याला आमच्या दारात आलेली गाडी कोरडी, वासरहित आणि धुतल्याच्या दाखल्यासह आलेली आहे. एकदा हिमवृष्टीत धुलाईची रांग लांबली, तर त्यांनी भरणी एक दिवस पुढे ढकलली आणि त्याचा तोटा सोसला. दुसऱ्या एका वाहतूकदाराने आम्हाला पूर्वी अशाच प्रसंगी 'नुसते पाणी मारून येतो' असे सुचवले होते, आणि त्याच दिवशी मालकांनी त्याला निरोप दिला.

कागदपत्रांविषयी एवढेच, की भरणीआधी २४ तासांच्या आत सरकारी पशुवैद्य पिल्ले पाहतो, बेंबीला मोठी गाठ असलेली, लंगडणारी किंवा शेपूट चावली गेलेली बाजूला काढतो, आणि प्रमाणपत्र संगणकीय प्रणालीत चढते. या कंपनीकडून त्यात कधी उशीर झालेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने वाहतुकीच्या नियमांत बदल सुचवले. कत्तलीसाठी जाणाऱ्या जनावरांना ९ तास, इतरांना मध्ये विश्रांती घेऊन २१ तास, आणि ३० अंशांहून जास्त तापमानाचा अंदाज असेल तर प्रवास फक्त रात्री, असा तो प्रस्ताव आहे. आमचा ऑगस्टमधला प्रवास त्या २१ तासांतही बसला असता.

गोव्यातून आणि कोकणातून वराहपालन करणारे काही जण मला विचारतात, की येथून पैदाशीची जनावरे भारतात कशी नेता येतील. लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि लँडरेस या जाती आपल्याकडे जिवंत आयात होऊनच आल्या, आणि आजही हा मार्ग सुटत नाही, कारण वळूच्या रेतासारखे डुकराचे रेत गोठवून नीट टिकत नाही. ते १७ अंशांना ठेवून काही दिवसच वापरता येते. पण २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आढळल्यापासून आपल्याकडेही धोका दोन्ही बाजूंनी आहे. आयातीसाठी केंद्र सरकारचा परवाना आणि विलगवास हे लागतेच. त्यापुढे मी त्यांना एकच सांगते, की विमानतळावरून फार्मवर जनावर नेणारी गाडी आदल्या दिवशी कोणत्या बाजारात उभी होती, हे जनावराची वंशावळ विचारण्याआधी विचारा. गोव्यात आगोंदा गोवन ही स्थानिक जात नोंदणी झालेली आहे. तिच्या कळपाशेजारी न धुतलेली गाडी उभी राहावी, ही कल्पनाही मला सहन होत नाही.

नव्या करारात आम्ही चार बाबी घातल्या. पोचल्यावर तीस मिनिटांत उतरवणे सुरू झाले नाही तर गाडी सावलीत आणि मोकळ्या हवेत हलवायची. ते शक्य नसेल तर ती फिरती ठेवायची. थांबलेल्या प्रत्येक मिनिटाची वेगळी नोंद आमच्याकडे यायची. आणि सूचना केबिनबरोबर दोन्ही चालकांच्या फोनवरही वाजायची. घेणाऱ्या शेडनेही रॅम्पची वेळ राखून ठेवण्याचे लेखी मान्य केले. दर थोडा वाढला, मालकांनी तो दिला.

मागील मंगळवारी आलेल्या गाडीत खालच्या मजल्यावरच्या दोन कप्प्यांत निपलांच्या जोडीला वाट्या बसवलेल्या होत्या. आम्ही काही मागितले नव्हते. मोठ्या चालकाने कार्यशाळेतून स्वतः करून घेतल्या होत्या. भरणी होताच एक पिल्लू वाटीत तोंड घालून पिऊ लागले आणि त्याच्यामागे आणखी तिघांची रांग लागली. संध्याकाळी पोझनानहून निरोप आला : ६३८ निघाली, ६३८ पोचली, थांबा ११ मिनिटे.